पुस्तकावर ठेवलेला हात

मी बोलका माणूस. हे कौतुक नाही, तक्रार आहे. नगरकडच्या आमच्या मिशनच्या शाळेत नाताळच्या कार्यक्रमात लांबलचक उतारे पाठ म्हणायला मलाच उभं करत, आणि उतारा संपला तरी मी खाली बसत नसे, असं आई सांगायची. पुढे मी रेल्वेत फिटर झालो, बदली होऊन लोणावळ्याला आलो, संसार मांडला, केस विरळ झाले. जीभ होती तशीच राहिली. तिनं माझी बरीच कामं केली. एका माणसाचं तिनं काय केलं, ते मात्र मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, पण ती त्याबद्दल बोलत नाही.

घाटात विजेची इंजिनं यायच्या थोडं आधीची गोष्ट. मुंबईकडे जाणारी गाडी घाट उतरायच्या आधी लोणावळ्याला थांबायची, आणि तिची चाकं नि ब्रेक तपासल्याशिवाय तिला पुढे सोडायचं नाही, असा कडक नियम होता. ते काम आमचं. त्याला दोन माणसं लागत. एक गाडीच्या या बाजूनं, दुसरा त्या बाजूनं, हातात लांब दांड्याचा हातोडा. चाकावर ठोका मारायचा आणि ऐकायचं. धड चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं चाक भद्द आवाज करतं. दोन्ही बाजूंची माणसं शेवटच्या डब्यापाशी भेटली आणि एकमेकांना 'ठीक' म्हणाली, की गार्डाला हात दाखवायचा. दोघांपैकी एकाच्याही मनात शंका असली, तरी हात वर जायचा नाही.

माझ्या पलीकडच्या बाजूला असायचे ते खलाशी, म्हणजे रेल्वेतले मदतनीस मजूर, कुसगावचे. मराठा शेतकरी, घरची भातखाचरं, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. मी त्यांना आबा म्हणायचो, ते मला मिस्त्री म्हणायचे. मी वरच्या हुद्द्याचा आणि ते वरच्या जातीचे, त्यामुळे आमच्यात मोठं कोण हा प्रश्न कधी सुटला नाही, आणि सुटला नाही म्हणूनच आमचं बरं चाललं. आम्ही बोलायचो तेही बहुतेक डब्यांच्या खालून. ठोका मारायला वाकलं की पलीकडचे त्यांचे पाय दिसायचे. पहिले सहा महिने मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या वहाणाच जास्त ओळखीच्या होत्या.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आम्ही रुळांच्या कडेच्या एका खोपटात बसायचो. रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपर उभ्या करून कुणीतरी ते बांधलं होतं. आत पाण्याची दोन मडकी. एक त्यांचं, एक माझं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या महारवाड्यात जन्मले आणि म्हातारपणी ख्रिस्ती झाले. आजोबांनी देव बदलला, माझ्या बापानं कपडे बदलले, मी तर इंग्रजी अर्ज लिहायचो, तरी मडकं वेगळं ते वेगळंच. मला त्याचा राग यायचा. पण आबांवर राग धरता येत नसे. ते माझ्या मडक्यापासून अंग चोरून बसत आणि तरीही भाकरी सोडण्याआधी मला विचारत, "जेवला का, मिस्त्री?"

आमच्या छोट्या मंडळीचे पाळकसाहेब दर रविवारी एकच गोष्ट बजावून सांगायचे. श्रद्धा चर्चमध्ये कुलपात ठेवण्याची वस्तू नाही, ती कामावर न्या, बरोबरच्या माणसांना सांगा. मंडळीत आम्ही पंधरावीस घरं. कुणी बंगल्यांत स्वयंपाकी, कुणी आया, कुणी माझ्यासारखे रेल्वेतले. बाकीचे माना हलवायचे आणि घरी जायचे. मला मात्र बोलायला निमित्तच मिळालं. मी गार्डाला येशूबद्दल सांगितलं, त्यानं जांभई दिली. रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला सांगितलं, तर त्यानं सगळं नीट ऐकून विचारलं, "तुमच्या देवाची वरच्या साहेबाशी वळख हाय का? मला कल्याणची बदली पायजे." महिनाभर सगळं स्टेशन मला त्यावरून चिडवत होतं. मीही हसायचो, पण आतून जळायचो.

आबांना मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. ते बाजूला बसून ऐकायचे, एवढंच. श्रावण संपत आला होता, धुकं इतकं की सिग्नलचा दिवा पिवळ्या डागासारखा दिसायचा. खोपटात आम्ही दोघंच होतो. मी नेहमीप्रमाणे क्षमेबद्दल काहीतरी बोलत होतो. आबा मध्येच म्हणाले, "मिस्त्री, मेलेल्या मानसाची माफी मिळती का?"

मग त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ होता. दोघांची खाचरं लागून, आबांचं वर, भावाचं खाली. वरचं पाणी खाली सोडायचं, अशी बापाच्या वेळेपासूनची रीत. एका वर्षी पावसानं ओढ दिली. त्यात दोघांचं कशावरून तरी वाजलेलं. आबांनी बांध घातला आणि पाणी अडवलं. भावाचं भात डोळ्यांदेखत वाळलं. भाऊ भांडला नाही, काही बोलला नाही, चूल विझवून मुंबईला गोदीत कामाला निघून गेला आणि मोठ्या तापाच्या साथीत तिकडेच वारला.

"हितं दहावा केला," आबा म्हणाले. "पिंड ठिवला. कावळा शिवंना. झाडावर धा कावळे बसल्यालं, एक खाली येईना. म्या म्हनलं, बांध फोडतो. म्हनलं, खाचर तुझ्या नावानं सोडतो. सगळं कबूल केलं, मिस्त्री, समद्या गावादेखत. उन्हं कलली तरी न्हाई. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला नि त्योच पिंडाला लावला. लोक म्हनले, झालं. पर मला ठावं हाय, झालं न्हाई."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. हातोड्याच्या दांड्यावरची माती नखानं काढत होते.

मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. निदान 'मला ठाऊक नाही' म्हणायला हवं होतं. पण दहा वर्षं मनात कुजत पडलेला प्रश्न घेऊन एक माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी म्हणालो, "मिळते, आबा. प्रभूपाशी मागा. तुमच्या भावानं तुम्हाला क्षमा केली असं समजा."

"समजू का केली?"

"केली."

इतकं सरळ सांगून टाकलं मी. त्या रविवारी पाळकसाहेबांना हे मोठ्या अभिमानानं सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "देव क्षमा करतो, एवढं आपल्याला सांगितलेलं आहे. मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं, ते आपण कोण सांगणार?" मी म्हणालो, "म्हणजे भावानं क्षमा केली असं नाही म्हणता येत?" ते म्हणाले, "नाही म्हणता येत." हे मी आबांना जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण तोवर आबा प्रार्थना करायला लागले होते.

त्यांनी मला विचारलं होतं, काय म्हणायचं, हात जोडायचे की नाही, तोंड कुठं करायचं. मी सांगितलं, मनात असेल ते म्हणा, कसंही म्हणा. त्यांची प्रार्थना मी एकदाच ऐकली. दोन डब्यांच्या मध्ये वाकलेले होते, पलीकडून आवाज आला. "येशूद्येवा, म्या पानी अडवलं. माफ कर. त्यालाबी सांग, म्हनावं, मोठा चुकला." मग ठोका. मग पुढचं चाक.

ते बदलले असं मी म्हणणार नाही, असली वाक्यं सभेत बोलायची असतात. पण ते हसायला लागले. एकदा म्हणाले, "काल पहिल्यांदा सपनात त्यो आला. जेवत हुता." आणखी एकदा शेवटच्या डब्यापाशी भेटल्यावर 'ठीक'च्या आधी हळूच म्हणाले, "आज बोललो बरं का." शाळेत परीक्षेचं काय झालं ते घरी येऊन सांगावं तसं. मला भरून आलं. माझ्या हातचं पाणी त्यांनी तरीही कधी घेतलं नाही. माझा देव घेतला आणि माझं मडकं नाही घेतलं. याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, पण तेव्हा मी ते मनाला लावून घेतलं नाही.

आमच्यात बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असे. त्यात प्रत्येकानं उठून सांगायचं, अमक्यासाठी प्रार्थना करा, तमक्यासाठी करा. कुणाची मुलगी आजारी, कुणाची नोकरी जायला आलेली. आमच्या लोकांना ही सवय इतकी अंगवळणी पडलेली, की एखाद्याचं नाव चारचौघांत घेणं म्हणजे त्याच्यावर उपकार करणं, असंच आम्हाला वाटे. अशाच एका बुधवारी मी उठलो आणि म्हणालो, कुसगावचे अमुक, माझे सोबती, वचन ऐकू लागले आहेत, प्रार्थना करू लागले आहेत, त्यांच्यासाठी सर्वांनी प्रार्थना करावी. नाव घेतलं, आडनाव घेतलं. सांगताना माझा आवाज कापला. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. पॉइंट्समनची गोष्ट ऐकून माझ्यावर हसलेले दोघंतिघं माझ्याकडे आदरानं बघत होते. खरं सांगायचं तर मी त्याच्यासाठीच उठलो होतो.

सभेत एक म्हातारी मावशी असायची. सगळं आयुष्य बंगल्यांवर आया म्हणून गेलेली, जीव लावणारी बाई. तिच्याकडे दुधाचा रतीब कुसगावची एक बाई घालायची. गुरुवारी सकाळी मावशीनं तिला दारातच थांबवून आनंदानं सांगितलं, "तुमच्या गावचा एक माणूस आमच्या प्रभूकडे आलाय हो." मावशीच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. आपल्या घरात लेकरू जन्मलं तर गवळणीला सांगतो, तसंच सांगितलं तिनं.

गुरुवारी दुपारपर्यंत कुसगावात झालं होतं, की आबा बाटले.

शुक्रवारी आबा कामावर आले ते माझ्याकडे न बघता. डब्यांच्या खालून मी दोन हाका मारल्या. शेवटच्या डब्यापाशी 'ठीक' म्हणाले आणि गेले. मला काही कळेना. खोपटात गेलो, तर त्यांचं मडकं जागेवर नव्हतं. ते त्यांनी उचलून बाहेर उघड्यावर, लांब नेऊन ठेवलं होतं. तेव्हा पॉइंट्समननं मला सगळं सांगितलं. त्यानं या वेळी थट्टा केली नाही.

आबांची धाकटी मुलगी वराळ्याला दिली होती. म्हणजे देणं ठरलं होतं, सुपारी फुटली होती, मार्गशीर्षात लग्न. वराळ्याच्या माणसांनी निरोप पाठवला, बाटग्याच्या घरची पोर आम्हाला नको. गावच्या विहिरीवर आबांच्या बायकोला बायकांनी बाजूला उभं केलं. तिला पाणी दुसऱ्यांनी वरून ओतून दिलं. हे ऐकलं तेव्हा मला माझं मडकं आठवलं आणि लाज वाटली, कारण पहिल्या क्षणी मला वाईट वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. आता कळेल यांना, असं काहीतरी. तो क्षण गेला, पण तो आला होता हे मी लपवत नाही.

रविवारी दुपारी आबा आमच्या रेल्वेच्या खोलीवर आले. त्याआधी कधी आले नव्हते. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. माझ्या बायकोनं आत या म्हटलं, ते आले नाहीत, आणि तिनं पुन्हा म्हटलं नाही.

"उद्या सकाळी गावात या," आबा म्हणाले. "देवळाम्होरं गाव बसनार हाय. पाटील म्हनत्यात, ह्येनं आमाला किती सांगितलं तरी खरं कसं मानायचं, त्या किरिस्तावालाच बोलवा. तुमी सांगा, ह्यो काय बाटल्याला न्हाई. मग पाटील सोता वराळ्याला जातील."

मी म्हणालो, "तुम्ही बाटलेले नाहीच. बाप्तिस्मा झाला कुठे?"

"आमच्यातल्या मानसाला त्ये काय म्हाईत? त्ये इचारनार, ह्यानं तुमच्या देवाचं नाव घेतलं का. न्हाई म्हना." थोडं थांबून म्हणाले, "शपतंचा बेलभंडार तुमच्या हातात देनार न्हाईत. तुमचं पुस्तक घिऊन या म्हनले. त्याच्यावर हात ठिवून सांगायचं."

मी काही बोललो नाही. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

"पोरगी दोन दिस जेवली न्हाई, मिस्त्री," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी तडक पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आजोबांना गावानं दगड मारून वेशीबाहेर काढलं होतं, ती खूण म्हाताऱ्याच्या कपाळावर मरेपर्यंत होती. ते म्हणाले, "ही देवानं दिलेली वेळ आहे. त्यांना उघडपणे कबूल करू दे. मंडळी त्यांना सांभाळील. आणि तू पवित्र शास्त्रावर हात ठेवून खोटं बोलणार? आपल्या आजोबांनी सोसलं ना?"

"त्यांनी स्वतःचं सोसलं," मी ओरडलोच. "ती मुलगी कुणाच्या वचनासाठी सोसणार? तिनं तर ते ऐकलंही नाही!"

"मग तू त्यांचं नाव सभेत का घेतलंस?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. मी उठून निघालो. घरी आलो तर बायकोनंही तेच विचारलं, फक्त इतकं शांतपणे नाही. "त्यांना विचारलं होतंत का आधी? एका शब्दानं?" मी नाही म्हणालो. ती बराच वेळ भांडी आपटत राहिली. मग तिनं माझ्या बापाचं जुनं पवित्र शास्त्र फळीवरून काढलं, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "जा," म्हणाली. "पोरीचं लग्न होऊ दे. आणि तिथं बोलू नका जास्त."

सोमवारी सकाळी कुसगावच्या देवळासमोर शंभरेक माणसं बसली होती. मला ओट्याच्या खाली, उन्हात, जरा लांब उभं केलं. आबा एका बाजूला, पागोटं काढून हातात घेतलेलं. त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. पाटील म्हातारे होते, सभ्य होते. त्यांनी मला पुस्तक पुढे ठेवायला सांगितलं. मी पंचा उलगडला, शास्त्र हातावर धरलं आणि उजवा हात त्यावर ठेवला.

"ह्येनं तुमच्या हातचं अन्न खाल्लं का?"

"नाही."

"पानी घेतलं का?"

"नाही. कधीच नाही."

दोन्ही खरं होतं. लोकांत कुजबुज झाली, चांगली कुजबुज. पाटील मागे टेकले. मला वाटलं, सुटलो. इतक्यात मागून एक म्हातारा उठला. "पर त्या देवाचं नाव घेतलं का न्हाई, त्ये इचारा की. दूधवाली काय उगा बोलती व्हय?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं.

मी म्हणालो, "नाही. त्यांनी कधी आमच्या देवाचं नाव घेतलं नाही." एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. बायकोनं सांगितलंच होतं. पण लोकांच्या चेहऱ्यांवर अजून थोडी शंका होती, आणि शंका असलेले चेहरे समोर असले की मला थांबता येत नाही. मी म्हणालो, "मीच मूर्खासारखा सांगत बसायचो. हे माझी टिंगल करायचे. म्हणायचे, मिस्त्री, तुमच्या देवाला सांगा, माझ्या वाटच्या गाड्या ठोकून जा. सभेत मी नाव घेतलं ते आपला बडेजाव मिरवायला. माझी लोकं मला हसायची, म्हणून मी बनवून सांगितलं."

गाव हसलं. कुणीतरी म्हणालं, "बामनापरीस ग्वाड बोलतंय की ह्ये!" पाटीलसुद्धा हसले. मी इतका सहज बोललो होतो, इतका रंगून, की तो गाड्या ठोकण्याचा विनोद आबांनी खरंच केला होता असं घटकाभर मलाच वाटलं. आबा तेवढे हसले नाहीत. लोकांना वाटलं, बिचारा भेदरलाय.

शुद्धी म्हणून आबांना एकवीरेला जाऊन यायला सांगितलं, घरात गोमूत्र शिंपडलं, भावकीला जेवण घालायला लावलं. पाटील वराळ्याला गेले. लग्न ठरल्या दिवशी झालं. मला बोलावणं येणार नव्हतंच. त्या दिवशी आबा रजेवर होते आणि माझ्या पलीकडच्या बाजूला दुसराच खलाशी होता. त्याच्या वहाणा बघत मी दिवसभर चाकं ठोकली. आणि मनाशी म्हणत होतो, मी बरोबर केलं. मुलीचा संसार मांडला गेला. देव एवढं समजून घेईल. अजूनही मला वाटतं, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. कुणी सांगावं, काय करता आलं असतं ते. मी पुष्कळांना मनातल्या मनात विचारून पाहिलं आहे.

आबा परत कामावर आले, मडकंही परत खोपटात आलं. आम्ही पाऊसपाण्याचं बोलायचो, भाताच्या झोडणीचं बोलायचो. मुलगी सुखात आहे म्हणाले. देवाचा विषय मी काढला नाही. ते डब्यांच्या मध्ये वाकले, की मी कान देऊन ऐकायचो. ठोक्याशिवाय काही ऐकू यायचं नाही.

माघ लागला असेल. गाडीला उशीर होता. आबा खोपटात माझ्यासमोर येऊन बसले.

"येक इचारू? राग मानू नका."

"विचारा."

"त्या दिशी मला तुमाला बोलवावंच लागलं. पोरीसाटी. पर खरं सांगतो, मला वाटलं हुतं तुमी न्हाई म्हनाल. वाटलं, ह्यो मानूस मरंल पर त्या पुस्तकावर हात ठिवून खोटं बोलायचा न्हाई. मग माजं काय व्हईल त्याचं भ्याव हुतं. पर तसं वाटलं हुतं खरं."

मी हातोड्याचा दांडा पुसायला लागलो.

"तुमी बोलला. बेस झालं, पोरगी गेली नांदायला. माजी तक्रार न्हाई. पर मिस्त्री, तवापास्नं रातीचा डोळा लागत न्हाई. तुमी माज्या भावाचं सांगितलं हुतं, माफ केलं म्हनून. त्ये खरं कशावरनं?"

मी म्हणालो, "ते खरं आहे, आबा."

"मग पुस्तकावर हात ठिवून सांगता का?"

ते चेष्टा करत नव्हते. चेष्टा असती तर मी ओळखली असती. त्यांना ते हवं होतं. तहानलेल्या माणसानं घागर रिकामी आहे हे बघूनही ती उपडी करून पाहावी, तसं ते माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी मी शास्त्र घेऊन गेलो. तोच पंचा. खोपटात आम्ही दोघंच. मी हात ठेवला आणि म्हणालो, "तुमच्या भावानं तुम्हाला क्षमा केली आहे." पाळकसाहेब काय म्हणाले होते ते मला ठाऊक होतं. गावात मी खोटं बोललो होतो हे मला पक्कं माहीत आहे. त्या खोपटात मी खरं बोललो की खोटं, ते मला आज या वयातही माहीत नाही. पण आवाज माझा चांगला लागला होता. कापलासुद्धा, कापायला हवा तिथे.

आबांनी सगळं ऐकलं. मग मान हलवली.

"देवळाम्होरंबी तुमचा आवाज असाच हुता, मिस्त्री," ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो.